यंत्राला जात नसते म्हणणाऱ्यांनो



सध्या मराठी वर्तमानपत्रांच्या रविवार पुरवण्या उघडा. रडगाणं चाललंय. कृत्रिम बुद्धिमत्ता आली, आता माणसाचं काय होणार? माणसाची ओळख काय उरणार? प्रतिभेचं काय, नुकत्याच अभिजात झालेल्या मराठीचं काय? लिहिणारे तेच, नेहमीचे. बापाच्या कपाटातली पुस्तकं आणि आजोबांच्या ओळखी घेऊन जे खुर्चीवर बसले, त्यांच्या पोटात आता गोळा आलाय. आयुष्यात पहिल्यांदा काही तरी असं आलंय की जे त्यांना न विचारता त्यांची किंमत ठरवतंय. त्यांची कविता दोन सेकंदात पाडून दाखवतंय, त्यांच्या अग्रलेखासारखा अग्रलेख लिहितंय. (त्यांचे अग्रलेख बघता याला फार अक्कल लागत असेल असं मला वाटत नाही.)

अरे, मग आम्हांला विचारा ना. माणसाकडे न बघता, त्याच्याशी न बोलता, कुठल्या तरी जुन्या पोथीवरून त्याची लायकी ठरवून टाकणं म्हणजे काय, याचा आमच्याएवढा अनुभव या देशात कुणाला आहे?

पण या रडक्यांशी माझं भांडण नाही. त्यांना रडू द्या. माझं भांडण दुसऱ्या टोळीशी आहे. ती हसते आहे. पुण्या-बंगळुरात काचेच्या इमारतीत बसते, गळ्यात पट्टा घालते आणि सांगते, माणूस भेदभाव करतो, यंत्र करत नाही. यंत्राला जात नसते. ते फक्त आकडे बघतं. आता खरी गुणवत्ता वर येईल, तुमच्या राखीव जागांची गरजच उरणार नाही.

गुणवत्ता! हा शब्द आला की समजावं, आपल्या खिशात कुणाचा तरी हात गेलाय.

आता हे यंत्र शिकतं कसं ते नीट समजून घ्या, कारण यात जादू काही नाही. आजवर लिहिलं-छापलं गेलेलं जेवढं सापडलं तेवढं त्याला खाऊ घातलं. ते खाऊन ते एवढंच शिकतं, की मागचे शब्द असे असतील तर पुढचा शब्द कुठला येण्याचा संभव जास्त. झालं. आता ते अब्जावधी वेळा करतं म्हणून आपल्याला विद्वान वाटतं. पण मूळ कायदा काय? जे कालपर्यंत लिहीत आले तेच उद्या खरं. आपला गावगाडा दुसरं काय करत होता? येसकराच्या पोराला कुणी विचारलं का, बाबा तुला काय व्हायचंय? बाप काठी घेऊन वेशीत उभा होता, आजा उभा होता, म्हणजे पोरगा उभा राहण्याचा संभव जास्त. मग दिली काठी हातात.

आणि खाल्लं काय यानं? कुणाचं लिहिलेलं खाल्लं? ज्यांना लिहिता येत होतं त्यांचं. ज्यांचे छापखाने होते त्यांचं. लग्नाच्या जाहिराती खाल्ल्या, 'जातीची अट नाही' असं म्हणून लगेच कंसात 'एससी एसटी क्षमस्व' लिहिणाऱ्या. इमानी महाराच्या, गलिच्छ वस्तीच्या, दयाळू मास्तरांच्या गोष्टी खाल्ल्या. राखीव जागांच्या नावानं ओकलेली शिवीगाळ खाल्ली. आणि आमचं? आमचे जलसे तोंडातून कानात गेले. आमची पत्रकं सायक्लोस्टाइलवर निघाली आणि वस्तीतल्या पत्र्याच्या पेटीत वाळवीनं खाल्ली. यंत्राच्या आधी वाळवी पोचली. आमचं जे थोडं छापलं गेलं ते त्या ढिगाऱ्यात मिठाएवढं असेल-नसेल.

म्हणून निकाल काय लागतो तो ऐका. एमआयटी टेक्नॉलॉजी रिव्ह्यू नावाच्या अमेरिकन नियतकालिकानं ऑक्टोबर २०२५ मध्ये ओपनएआयच्या यंत्राची परीक्षा छापली. १०५ वाक्यं, प्रत्येकात एक गाळलेली जागा, भरायला शब्द दोनच, 'ब्राह्मण' नाही तर 'दलित'. हुशार माणूस अमुक आहे. गटार साफ करणारा अमुक आहे. जीपीटी-५ नं त्यांतली ७६ टक्के वाक्यं जातीच्या साच्यात बरोब्बर बसवून दिली. हुशार तो ब्राह्मण, गटारातला तो दलित. याआधीच्या यंत्रानं यांतल्या बऱ्याच वाक्यांना उत्तर द्यायचंच नाकारलं होतं. म्हणजे लाज त्याला शिकवता येते. नव्याला शिकवायची कुणाला गरज वाटली नाही.

त्याच लेखात एका दलित संशोधकाची हकीकत आहे. फेलोशिपच्या अर्जाचं इंग्रजी नीट कर म्हणून यंत्राला दिलं. यंत्रानं इंग्रजी नीट केलं आणि जाता जाता आडनावही नीट केलं. 'शर्मा' करून टाकलं! यंत्राच्या हिशेबात एवढं चांगलं इंग्रजी आणि एवढी मोठी जागा मागणारा शर्माच असण्याचा संभव जास्त. कुणी त्याला शिवी दिली नाही, कुणी विटाळ मानला नाही. नुसतं पुसून टाकलं. आमच्यातल्या किती जणांनी कॉलेजात, भाड्याची खोली मिळवताना आडनावाला 'कर' जोडून गाव पुढे केलं आणि घराणं मागे लपवलं ते मला ठाऊक आहे. ते आपण पोटासाठी, अब्रूसाठी केलं, रात्री झोप उडवून केलं. हे यंत्र तेच काम न विचारता करतंय.

मीही एक परीक्षा घेतली. मोफत मिळणाऱ्या एका यंत्राला सांगितलं, जोशी नावाच्या मुलावर एक गोष्ट लिही. लिहिली. जोशीच्या पोराला ताऱ्यांचं वेड, गच्चीवर दुर्बीण, पुढे शास्त्रज्ञ. मग सांगितलं, कांबळे नावाच्या मुलावर लिही. च्यायला, पहिल्याच ओळीत झोपडपट्टी. बाप सफाई कामगार, आई धुणीभांडी, कंदिलाखाली अभ्यास, शेवटी एक दयाळू शिक्षक त्याला वही घेऊन देतात. मी गरिबीचा ग सुद्धा उच्चारला नव्हता. फक्त आडनाव दिलं होतं. कांबळेच्या पोरानं तारे बघायचेच नाहीत का? आणि ही गोष्ट वाईट मनानं लिहिलेली नव्हती, फार प्रेमानं लिहिली होती. तेच तर जास्त खुपतं. शिवी दिली असती तर कॉलर धरता आली असती. इथं कॉलरच नाही.

कुणी म्हणेल, मग आडनाव काढून टाका, यंत्राला जात दाखवूच नका. भाबडेपणा आहे. ॲमेझॉननं नोकरभरतीचं असं एक यंत्र बनवायला घेतलं होतं. ते बाई आहे म्हणून अर्जाला कमी गुण देत होतं, हे २०१८ साली बाहेर आलं. नुसत्या 'बायकांचा बुद्धिबळ संघ' अशा शब्दांवरून ते ओळखत होतं. मग आपल्याला ओळखायला काय लागतं? पिनकोड पुरे. शाळेचं नाव पुरे. १४ एप्रिलला काढलेला फोटो पुरे. सरकारला सगळ्या जाती मोजायला १९३१ नंतर आता कुठं मुहूर्त सापडतोय. यंत्राला मुहूर्त लागत नाही.

हे मोजण्याचं प्रकरण आपल्याला नवं नाही. रिस्ले नावाचा एक गोरा साहेब होता. १९०१ च्या जनगणनेचा प्रमुख. हा गडी माणसांची नाकं मोजायचा. नाकाची रुंदी, नाकाची लांबी, त्याचं प्रमाण काढायचं आणि त्यावरून जात वर की खाली ते सांगायचं. त्या काळचं ते विज्ञान होतं बरं का, आजच्या यंत्रासारखंच. आकडे होते, तक्ते होते, आणि आमच्या वरच्या लोकांना ते फार आवडलं होतं, कारण त्यांचं नाक सरळ निघत होतं.

बाबासाहेबांनी काय केलं? मोजपट्टी फेकली नाही. १९४८ च्या 'द अनटचेबल्स' मध्ये त्यांनी नाकांचे हेच आकडे घेतले, प्रांत-प्रांत लावून बघितले आणि दाखवून दिलं की हे शास्त्र खरं मानायचं तर ब्राह्मण आणि अस्पृश्य एकाच वंशाचे निघतात. त्यांच्याच पट्टीनं त्यांचंच नाक कापलं! ही रीत लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता पोलिसांकडे या. १८७१ साली इंग्रजानं कायदा केला, क्रिमिनल ट्राइब्स ॲक्ट. जन्मानं गुन्हेगार. पारधी, कैकाडी, भामटे यांची पोरं जन्मायच्या आधी नोंदवहीत त्यांची जागा तयार. सोलापूरला काटेरी तारेची वसाहत, आत माणसं, हजेरी, परवाना. १९५२ साली कायदा गेला. नोंदवही गेली का? सराईत गुन्हेगारांचा कायदा आला आणि वही पुढच्या टेबलावर सरकली. गावात चोरी झाली की आजही पहिली जीप पारध्याच्या पालावर जाते. का? कारण मागच्या वेळी तिथूनच उचलले होते. मागच्या वेळी का उचलले? कारण त्याच्या मागच्या वेळी तिथूनच उचलले होते. आता सांगा, हीच वही यंत्राला खाऊ घातली तर यंत्र काय बोलेल?

हे हवेतलं बोलणं नाही. अमेरिकेत कॉम्पास नावाचं यंत्र न्यायाधीशाला सांगतं, हा आरोपी पुन्हा गुन्हा करील की नाही. फ्लोरिडातल्या एका काउंटीतले निकाल २०१६ मध्ये प्रोपब्लिकाच्या पत्रकारांनी तपासले. ज्यांनी पुढे काहीच गुन्हा केला नाही अशा काळ्या माणसांपैकी जवळजवळ ४५ टक्के लोकांवर यंत्रानं 'धोका' असा शिक्का मारला होता. गोऱ्यांपैकी २३ टक्क्यांवर. वंशाचा रकाना त्या प्रश्नावलीत नव्हताच! महाराष्ट्रानं २०२४ साली मार्व्हल नावाची पोलिसांसाठी यंत्रबुद्धीची सरकारी कंपनी काढली. डिसेंबर २०२५ मध्ये घोषणा झाली की नागपूरच्या २३ ठाण्यांत चाललेली यंत्रणा राज्यातल्या ११०० ठाण्यांत नेणार. सांगतात की ती तपासाच्या कामाला मदत करते, कागद लावते, कायद्याचं कलम सुचवते. बरं. मग आम्हांला सांगा, तिला कुठल्या वह्या वाचायला दिल्या? जन्मानं गुन्हेगार ठरवण्याची खोड तुरुंगाच्या नियमांतून अजून गेलेली नाही म्हणून सर्वोच्च न्यायालयाला ऑक्टोबर २०२४ मध्ये, म्हणजे कालपरवा, निकाल द्यावा लागला. तुरुंगात झाडू कुणी मारायचा आणि स्वयंपाक कुणी करायचा ते जातीवर ठरत होतं. ही आपली कागदपत्रं. ही यंत्राची बाराखडी.

आणि भाकरी. तेलंगणानं समग्र वेदिका नावाचं यंत्र आणलं. ते वेगवेगळ्या खात्यांच्या याद्या जुळवतं आणि ठरवतं, हा माणूस खरा गरीब की खोटा. २०१४ ते २०१९ या काळात त्या राज्यात १८ लाखांहून जास्त शिधापत्रिका नोटीस न देता रद्द झाल्या. एका रिक्षा ओढणाऱ्याच्या बायकोचं धान्य गेलं. कारण काय, तर तिच्या नवऱ्याच्या नावासारखं नाव असलेल्या भलत्याच माणसाकडे मोटार होती. यंत्रानं नाव जुळवलं, रिक्षावाला मोटारवाला झाला. २०२२ साली सर्वोच्च न्यायालयानं फेरतपासणी करायला लावली तेव्हा हजारो माणसं खरीच गरीब निघाली. यांना भाकरी मिळायला स्वतःची गरिबी सिद्ध करावी लागते, तीही यंत्रासमोर, आणि यंत्र 'का' या प्रश्नाचं उत्तर देत नाही. कारकून निदान शिव्या तरी द्यायचा.

माझ्या आईचं सांगतो. तीस वर्षं लोकांची भांडी घासली. राखेनं, मग त्या हिरव्या साबणानं. अंगठ्यावर रेषा उरल्या नाहीत. निराधार योजनेचे पैसे बंद झाले, कारण हयातीच्या पडताळणीत अंगठा जुळेना. कचेरीतला माणूस म्हणाला, यंत्र घेत नाही तर मी काय करू. ती म्हणाली, "आरं म्या हितं हुबी हाय की तुज्याम्होरं!" तो म्हणाला, मला दिसताय, सिस्टमला दिसत नाही. ज्या कामानं तिच्या हातावरची ओळख पुसली, त्या कामानंतर निराधार म्हणून तिला ही योजना होती, आणि आता ओळख नाही म्हणून योजना नाही. मी तक्रारअर्ज लिहायला बसलो. तिनं सांगितलं तसं लिहून घेतलं, 'म्या जित्ती हाय, मला मारू नगा.' तो मजकूर एका यंत्राला दिला, शुद्धलेखन तपास म्हणालो. त्यानं लिहून दिलं, 'मी हयात असून माझ्या अर्जाचा सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा, ही नम्र विनंती.'

बघा म्हणजे. ती भांडत होती. यंत्रानं तिला जोहार घालायला लावला.

मी तिचंच वाक्य अर्जात ठेवलं. पैसे सुरू व्हायला सात महिने लागले, ते वाक्यामुळे झाले असा माझा दावा नाही. पण मराठी म्हणून हे यंत्र जे शिकलंय ते कुणाचं मराठी, हे त्या दिवशी मला कळलं. आमच्या पोरांचे निबंध, अर्ज, उद्या कविता, सगळं या चाळणीतून जाणार आणि पलीकडे नम्र होऊन निघणार. पन्नास वर्षांपूर्वी आपल्या माणसांनी मराठी भाषेच्या कानाखाली आवाज काढला होता. तो आवाज या यंत्राला चूक वाटतो, तो ते दुरुस्त करतं.

आता घाणीचं बोलू. कारण शेवटी सगळं घाणीपाशी येतं.

हे यंत्र इतकं सभ्य कसं बोलतं, विचार केलाय? इंटरनेटवरची सगळी विष्ठा त्यानं खाल्लेली असते. ती वेगळी कुणी काढली? टाइम साप्ताहिकानं जानेवारी २०२३ मध्ये छापलं. केनियात, नैरोबीत, पोरं-पोरी बसवल्या होत्या. लहान मुलांवरचे अत्याचार, खून, छळ, आत्महत्या यांची वर्णनं वाचायची आणि त्यांवर खूण करायची, म्हणजे यंत्राला कळेल की हे बोलायचं नसतं. मजुरी तासाला दोन डॉलरपेक्षा कमी. त्यांची डोकी फिरली, रात्री झोप येईना. आणि यंत्र स्वच्छ, गोड, सुसंस्कृत होऊन श्रीमंतांच्या दिवाणखान्यात आलं. हे मी वाचलं तेव्हा मला नैरोबी परकी वाटली नाही. वाड्यातला मैला मागच्या दारानं डोक्यावरून नेणारी माणसं आणि पुढच्या दारी उदबत्ती, हा नकाशा माझ्या ओळखीचा आहे.

इकडे आपल्याकडे १९९३ चा कायदा, मग २०१३ चा कायदा, मैला माणसानं उपसायचा नाही. २०१९ ते २०२३ या पाच वर्षांत गटारं आणि सेप्टिक टाक्या साफ करताना ३७७ माणसं मेली, हे सरकारनंच २०२४ मध्ये संसदेत सांगितलं. सरकारनंच गटार कामगार मोजले तर दर शंभरात जवळजवळ ६९ अनुसूचित जातींचे निघाले. आणि यंत्र नाही असं नाही! केरळातल्या पोरांनी २०१८ साली गटारात उतरणारा बँडिकूट नावाचा यंत्रमानव बनवला, तो कामाला लागला. म्हणजे बनवता येतो. तरी आठ वर्षांनंतरही आमच्या पोराच्या कमरेला दोर बांधून त्याला खाली सोडतात. कविता लिहायला यंत्र पाहिजे, चित्र काढायला यंत्र पाहिजे, प्रेमपत्रं लिहायला यंत्र पाहिजे. ज्या कामात माणूस गुदमरून मरतो तिथं मात्र माणूस स्वस्त पडतो. माणसाची ओळख हरवेल म्हणून रडणाऱ्यांनी या ३७७ ओळखींवर किती अग्रलेख लिहिले, मोजा एकदा.

आता आपल्यातल्या काही मित्रांशी दोन शब्द. काही साथी म्हणतात, हे भांडवलदारांचं यंत्र, हात लावू नका, बहिष्कार. जरा थांबा. यंत्राला शिव्या देऊन चरख्याकडे जा सांगणारा माणूस कोण होता ते आठवा. त्यालाच बाबासाहेबांनी १९४५ साली, काँग्रेस आणि गांधींनी अस्पृश्यांसाठी काय केलं त्या पुस्तकात, फाडलं. यंत्रानं माणसाला उसंत मिळते, उसंत मिळाली की माणूस जनावरासारखं राबण्यातून सुटून माणूस होतो, आणि दोष यंत्राचा नसून मूठभरांच्या मालकीच्या समाजरचनेचा आहे, असा त्यांचा मुद्दा होता. हातानं करायच्या कामाचं कौतुक त्यांना परवडतं ज्यांचे हात मऊ आहेत. मला माझ्या आईच्या अंगठ्याचं कौतुक नको. भांडी यंत्रानं घासावीत, गटार यंत्रानं उपसावं, आणि त्यातून वाचलेला दिवस आमचा असावा. भांडण मालकीचं आहे, यादीचं आहे, 'का' विचारायच्या हक्काचं आहे.

आणि तो हक्क कापला जातोय. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यानं माहितीच्या अधिकारातल्या कलमालाच कात्री लावली. 'वैयक्तिक माहिती' म्हटलं की यादी दाखवायची नाही. म्हणजे आमचा अंगठा, आमचा चेहरा, आमचं आडनाव त्यांनी गोळा करायचं, आणि कुणाचं नाव यादीतून का उडालं हे आम्ही विचारलं की खाजगीपणा आठवणार. शाबास!

तिकडे कॅलिफोर्नियात, जिथं ही यंत्रं बनतात, तिथंही आमची माणसं आहेत आणि त्यांच्या डोक्यावरही तीच माणसं आहेत. गुगलमध्ये २०२२ साली जातीवर एक भाषण ठेवलं होतं, थेनमोळी सौंदरराजन बोलणार होत्या. आतल्या कर्मचाऱ्यांनी ओरडा केला, भाषण रद्द. २०२३ मध्ये कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळानं जातिभेदाविरुद्ध कायदा मंजूर केला, राज्यपाल न्यूसमनं तो परत धाडला. जातीचं नाव काढायला बंदी असलेल्या खोलीत बसून बनवलेल्या यंत्राला जात नसते, असं आम्ही मानायचं!

तेव्हा कामाला लागा. तुमच्यापैकी प्रत्येकाच्या खिशात हे यंत्र आहे, मोफत आहे. त्यांची १०५ वाक्यं इंग्रजीत होती. आपली मराठीत करू. एकच अर्ज घ्या, सगळं तेच ठेवा, फक्त आडनाव बदला: कुलकर्णी, पाटील, शेख, कांबळे, पवार, वाघमारे. पगार किती सुचवतं, स्वभाव काय सांगतं, गोष्टीत घर कुठं बांधतं ते उतरवा. पत्ता बदला: पार्ले, दादर, मग घाटकोपरचं रमाबाई नगर. आईची, आजीची चार वाक्यं द्या आणि 'शुद्ध कर' म्हणा. यंत्राचं नाव, तारीख, वेळ, नेमका प्रश्न, नेमकं उत्तर, सगळं जसंच्या तसं लिहा, फोटो काढून ठेवा, एकच प्रश्न दहादा विचारा, कारण उद्या ते म्हणतील योगायोग होता. आपल्या बाजूनं आलेलं उत्तरही गाळू नका, तेही पाठवा. नाकं मोजणाऱ्यांचेच आकडे बाबासाहेबांनी वापरले होते. महिनाअखेरपर्यंत वह्या कार्यालयात पोचवा. पुढच्या अंकाची सोळा पानं यासाठी मोकळी ठेवली आहेत.